बोनेट फडफडतंय? आधी कोपरा हलतो की मधला पत्रा, ते पाहा

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला आणि नाशिकच्या थार-जीपसारख्या चौकोनी गाड्यांना 120 ची मोकळी वाट मिळाली. तेव्हापासून बोनेट थरथरण्याच्या तक्रारी वाढल्या आहेत. त्र्यंबकच्या चिखलात दणके खाणारं बोनेट हमरस्त्यावर मात्र नाचतं. त्यातल्या काही प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न (सिडको): थार, हार्डटॉप. नव्वदपर्यंत सगळं शांत. शंभरच्या वर पुढचे दोन्ही कोपरे थरथरतात. बाजूचे क्लॅम्प (बोनेट बाहेरून खाली धरणारे रबरी पकडे) नीट लागलेले असतात. ते आणखी घट्ट करून घेऊ का?

उत्तर: इतक्यात नको. क्लॅम्प बोनेटला खाली ओढतो, पण ओढलेलं बोनेट कशावर तरी टेकायला हवं. ग्रिलच्या मागच्या पट्टीवर दोन्ही कोपऱ्यांना रबरी स्टॉपर असतात, ती त्याची बैठक. स्टॉपर आणि पत्रा यांच्यात दोन मिलिमीटर फट राहिली, तर क्लॅम्प कितीही ताणा, कोपरा त्या दोन मिलिमीटरांत वरखाली होणारच.

वर उचलतं कोण? ग्रिलमधून घुसलेली हवा इंजिनच्या खोलीत कोंडते आणि खालून रेटते. पुढच्या कडेवरून वळसा घेणारी हवा वरून ओढ लावते. काचेच्या पायथ्याशी उलट प्रकार, तिथे हवा साचून बोनेट दाबते. शिवाय बिजागऱ्याही मागेच. त्यामुळे मागची बाजू गप्प असते आणि सगळा खेळ पुढच्या कोपऱ्यांत चालतो. हा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो: 80 वरून 100 ला गेलात की दीडपटीहून जास्त, 120 ला सव्वादोन पट. म्हणून नव्वदला काही कळत नाही आणि शंभरनंतर एकदम जाणवतं.

तपासणी इंजिन थंड असताना करा. बोनेट लावून तळहाताने कोपरा दाबा. ‘टक्’ करून खाली बसला तर फट आहे. ती मोजायला स्वयंपाकघरातली कणीक पुरते. हरभऱ्याएवढी गोळी स्टॉपरवर ठेवा, वर प्लास्टिकचा तुकडा, मग बोनेट बंद करून दोन्ही क्लॅम्प लावा आणि उघडा. गोळी कागदाएवढी चपटी झाली असेल तर बैठक ठीक. दोन मिलिमीटर जाड राहिली असेल, तर स्टॉपर तेवढा वर घ्या आणि रबर दबण्यासाठी आणखी एक मिलिमीटर धरा. आट्याचा स्टॉपर असेल तर हिशोब सोपा आहे: 6 मिलिमीटर जाडीच्या आट्याला एक पूर्ण फेरा म्हणजे 1 मिलिमीटर, 8 मिलिमीटरच्या आट्याला सव्वा. अर्ध्या अर्ध्या फेऱ्याने जा, दोन्ही बाजू सारख्या ठेवा आणि शेवटी चेकनट (स्टॉपर जागेवर धरणारा नट) आवळायला विसरू नका. न आवळलेला स्टॉपर खडखडीने महिनाभरात पुन्हा खाली उतरतो. नुसता दाबून बसवलेला स्टॉपर असेल तर नवा घाला. तो मिळेपर्यंत खाली रबरी वायसर चालेल.

थांबायचं कुठे? क्लॅम्प एका हाताने, पण थोडा जोर लावून लागला पाहिजे. दोन हात लागत असतील किंवा बोनेटची कड फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) वर दिसत असेल, तर जास्त झालं. ताणलेलं रबर लवकर चिरतं आणि कोपऱ्याचा पत्रा कायमचा वाकतो.

यानंतर क्लॅम्पकडे या. रबर वाकवून बघा. बारीक चिरा दिसल्या तर जोडी बदला, एकच नको. बुडाचे बोल्ट सहसा 6 एमएमचे, दहाच्या पान्याचे असतात. 9 ते 10 न्यूटन-मीटर पुरे, पाइप घालून आवळू नका. ग्रिलवरचं लांब रबरी बीडिंग कडक झालं असेल तर तेही बदला, तिथूनच हवा बोनेटखाली शिरते. पण गरजेपेक्षा जाड बीडिंग लावलंत तर बोनेट पुन्हा स्टॉपरवरून उचललं जाईल आणि सगळी मेहनत वाया.

प्रश्न (इंदिरानगर): पावसाळ्यात मुंबईला जाताना बोनेट फडफडतं, परत येताना अजिबात नाही. क्लॅम्प तोच, वेगही तोच. गॅरेजवाला म्हणतो, भास आहे.

उत्तर: भास नाही, वारा आहे. पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो आणि इगतपुरीकडे जाताना तुम्ही त्याच्या तोंडात शिरता. गाडी 100 ला आणि समोरचा वारा 30 चा, तर बोनेटला 130 ची हवा लागते. परतीच्या वाटेवर तीच 70 ची. वर्गाच्या हिशोबाने रेट्यात जवळजवळ साडेतीन पट फरक पडला. परतीला गप्प राहतं म्हणून बैठक चांगली आहे असं धरू नका. वरची कणकेची चाचणी करा. आणि कंटेनरच्या मागे चिकटून जाताना थरथर वाढत असेल, तर ती त्याच्या पाठीमागच्या भोवऱ्यांची आहे. अंतर वाढवा. तेवढ्यासाठी पाना उचलू नका.

प्रश्न (सातपूर): बोनेटला दगड लागून खळगा पडला होता. डेंटरने काढला, रंगही छान झाला. पण आता कोपरे स्थिर असतात आणि मधला पत्रा डबा वाजावा तसा वरखाली होतो.

उत्तर: हा वेगळाच आजार आहे. क्लॅम्प-स्टॉपरने तो बरा होणार नाही.

बोनेट म्हणजे दोन पत्रे. वरचा दिसणारा, साधारण 0.7 मिलिमीटरचा, आणि खाली नक्षीदार सांगाडा. दोघांच्या मध्ये ठिकठिकाणी मॅस्टिकचे, म्हणजे मऊ चिकट मालाचे, ठिपके असतात, वरचा पत्रा सुटा नाचू नये म्हणून. खळगा काढताना गॅस किंवा वेल्डिंगची धग लागली की हे ठिपके जळतात. सांगाड्याच्या भोकातून पक्कड घालून ओढाओढ झाली, तरी सुटतात. जुन्या गाडीत ते आपोआपही वाळून तडकतात.

बोनेट उघडून खालून टॉर्च मारा. सांगाड्याची पट्टी आणि वरचा पत्रा यांच्यात पातळ पट्टी सरकवा. जिथे ती आरपार जाते तिथे जोड सुटला. जुना माल खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या. मग ऑटोमोबाइलचं मऊ पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट घ्या आणि सांगाड्याच्या पट्ट्यांवर 8 ते 10 सेंटीमीटर अंतराने शेंगदाण्याएवढे ठिपके भरा. ठिपका दोन्ही पत्र्यांना टेकेल इतपतच भरा. ठासून भरला तर सुकताना आकसून वरचा पत्रा ओढतो आणि उन्हात तिरकं पाहिलं की रंगावर गोल खुणा दिसतात. मग डेंटरकडे दुसरी फेरी. बोनेट आहे त्या बाकात बंद ठेवून गाडी किमान 24 तास उभी ठेवा. पीयू हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होतं, म्हणून नाशिकच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये आणखी एक दिवस द्या.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्याला गंज लावतं आणि त्यावर पुढे रंग धरत नाही. खिडक्यांच्या चौकटीत मारतात तो फुगणारा फोम तर पत्रा आतून फुगवतो आणि वर पाणी धरून ठेवतो.

प्रश्न (दिंडोरी): जुनी महिंद्रा जीप, एमएम 540. क्लॅम्पच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्यात. द्राक्षाच्या हंगामात रोज पिंपळगावला जावं लागतं. दोरीने बांधून चालेल?

उत्तर: एखाद्या फेरीला चालेल, रोजची सवय करू नका, दोरी घासून कडेचा रंग आणि मग पत्रा खाते. स्प्रिंग ढिली झाल्यावर हुक वाकवून ताण वाढवायची पद्धत आहे, पण वाकवलेला हुक तिथेच तुटतो. दोन्ही क्लॅम्प नवे घाला. त्याआधी बिजागरीची खीळ बघा. बोनेट मागून धरून डावी-उजवीकडे हलवा. खळखळ झाली तर क्लॅम्प बदलूनही थरथर राहील. हिवाळ्यात निफाडकडच्या थंडीत रबर आखडतं, त्यामुळे पहाटे वाजणारं बोनेट दुपारी गप्प होणं जुन्या स्टॉपरचं लक्षण आहे.

प्रश्न (गंगापूर रोड): जीप रँगलर, 2018 नंतरची. बोनेट हलकं वाटतं आणि थोडं थरथरतंच. हवा बाहेर जायला जाळ्या कापून घेऊ का?

उत्तर: या पिढीचं बोनेट अॅल्युमिनियमचं आहे, चुंबक लावा, चिकटणार नाही. अॅल्युमिनियमची ताठरता पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाची, म्हणून पत्रा जाड घेतात. 1 मिलिमीटरचा पत्रा 0.7 च्या पोलादाइतकाच ताठ होतो. वजन मात्र निम्मं, त्यामुळे तीच झुळूक त्याला जास्त हलवते. कोपरे घट्ट बसलेले असताना मधे किंचित थरथर दिसली तर ती सोसा. जाळ्यांनी कोंडलेली हवा निघते खरी, पण सांगाड्याची पट्टी कापली गेली तर उरलेलं बोनेट आणखी लवतं, आणि पावसाचं पाणी थेट इंजिनवर. आमचा सल्ला नको असाच.

प्रश्न (सिन्नर): बोनेटवर एलईडी बार लावल्यापासून थरथर सुरू झाली. बार काढावा का?

उत्तर: हो.

प्रश्न (ओझर): चालत्या गाडीत बोनेट उघडलंच तर?

उत्तर: मधला सुरक्षा हुक असेल तर क्लॅम्प सुटले तरी तो बोनेट अडवतो. म्हणून तो काढायचा नाही, आणि महिन्यातून एकदा साफ करून ग्रीसचा थेंब द्यायचा. चिखलाने जाम झालेला हुक उघडाच राहतो, अडकत नाही. तरीही बोनेट काचेवर आदळलं, तर करकचून ब्रेक नको, मागचा ट्रक तुमच्यावर येईल. पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, हॅझर्ड दिवे लावा, स्टिअरिंग सरळ धरा. खालच्या फटीतून किंवा बाजूच्या खिडकीतून रस्ता बघत हळूहळू डावीकडे घ्या. एकदा असं उघडलेलं बोनेट बिजागरीत वाकलेलं असतं. ते तसंच दाबून बंद करून पुढे निघू नका, गाडी टो करून न्या.