‘वडील’ म्हणजे बाप नव्हे, ‘पाद्री’ म्हणजे मात्र बापच

प्रश्न असा आहे : ‘‘एका भाषांतरात ‘चर्चच्या वडिलांची सभा पाळकाच्या अध्यक्षतेखाली भरली’ असं वाचलं. हे वडील कोणाचे? आणि वडील, पाळक, पाद्री, बिशप ही एकाच माणसाची नावं आहेत का?’’

कोणाचेच नाहीत. ‘वडील बंधू’, ‘वडीलधारे’ यांतलं थोरलेपण दाखवणारं विशेषणच इथे पदाचं नाव झालं आहे. बोलण्यात ते बापापुरतं आकसलं, मराठी बायबलने जुना अर्थ धरून ठेवला. मूळ ग्रीक शब्द ‘प्रेस्बिटेरॉस’, त्याचा अर्थही थोरला. चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये १९६६ पासून स्त्रियाही ‘वडील’ होतात, म्हणजे बापाचा संबंध उरलाच नाही. गंमत अशी की बाप दडलाय तो ‘पाद्री’त. पोर्तुगीज ‘पाद्रे’ म्हणजे बाप.

आता ही नावं एकाच माणसाची का? सुरुवातीला बहुधा होती. बायबलच्या नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा विसावा अध्याय काढून बघा. प्रेषित पौल इफिस शहरातल्या मंडळीच्या, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाच्या, वडिलांना बोलावून घेतो (वचन १७). पुढे अठ्ठाविसाव्या वचनात त्याच माणसांना ‘एपिस्कोपॉस’, म्हणजे देखरेख करणारे, म्हणतो (मराठीत ‘अध्यक्ष’), आणि काम सांगतो ते कळप राखण्याचं. वडील, अध्यक्ष, मेंढपाळ (म्हणजेच पाळक), तिन्ही तेच. पुढे ‘एपिस्कोपॉस’ झिजून बिशप झाला, म्हणजे अनेक मंडळ्यांवरचा प्रमुख, आणि ‘प्रेस्बिटेरॉस’ झिजून प्रीस्ट, म्हणजे पुरोहित. शब्द वेगळे झाले तशा पायऱ्याही.

प्रोटेस्टंटांचं भांडण बरंचसं याच पायऱ्यांवरून. अँग्लिकनांनी, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्यांनी, बिशप ठेवला. धर्मसुधारक कॅल्विनने १५४१ मध्ये जिनिव्हात पाळक, शिक्षक, वडील आणि डीकन अशी चार पदं लावली, त्यांत बिशप नाही. त्याच वळणाच्या स्कॉटिश चर्चचं प्रेस्बिटेरियन हे नावच वडिलांवरून पडलं. तिथे पाळक हाही एक वडीलच, फक्त उपदेश करणारा. बाकीचे कारभार बघणारे. स्थानिक सभेच्या वर प्रेस्बिटरी, म्हणजे आसपासच्या मंडळ्यांची मिळून सभा, तिच्याही वर महासभा, पण कुठेही एका माणसाचा शेवटचा शब्द नाही. राजांना हे का खुपलं ते इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने १६०४ मध्ये चार शब्दांत सांगितलं : बिशप नाही, तर राजा नाही. बॅप्टिस्ट आणि काँग्रिगेशनल या प्रोटेस्टंट पंथांच्या चर्चांत वरची सभाही नको. पाळक कोण हे स्थानिक मंडळीचे सभासद मतं देऊन ठरवतात.

त्यामुळे भाषांतर करताना आधी चर्च कुठलं ते बघावं लागतं. माझ्या मते सगळ्यात फसवा शब्द डीकन. मूळ अर्थ सेवक, पण अँग्लिकनांत ती दीक्षेची पहिली पायरी, तर बॅप्टिस्टांत डीकन हा सभासदांनी निवडलेला, दिवसभर आपला व्यवसाय सांभाळणारा माणूस असू शकतो. दोघांना ‘उपपुरोहित’ म्हणणं चूक.

तुमच्या वाक्यात ‘चर्चच्या’ऐवजी ‘मंडळीच्या वडिलांची’ असतं तर ते मराठी ख्रिस्ती वापराला धरून झालं असतं. अर्थात ‘मंडळी’ म्हणजे बायको समजणारा वाचक भेटला, तर ते वडील थेट सासरे व्हायचे.