जन्मठेपेतील दयेचा अर्ज : राष्ट्रपतींचा अधिकार कुठवर?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगत असून अकरा वर्षांपासून नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहात आहे. उच्च न्यायालयाने अपील फेटाळले आणि सर्वोच्च न्यायालयाने विशेष अनुमती याचिका दाखल करून घेतली नाही. आई अंथरुणाला खिळलेली आहे. मी राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज पाठवला, तेव्हा अर्ज राज्य शासनाकडे पाठवल्याचे दोन ओळींचे पत्र आले. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात की, दिल्लीत योग्य माणसाला भेटल्यास राष्ट्रपती एका सहीने सोडू शकतात, आणि त्यासाठी ते तीन लाख रुपये मागत आहेत. देशाच्या सर्वोच्च पदाला एवढाही अधिकार नाही का? – एक भगिनी, सिन्नर तालुका

उत्तर : ताई, पैशांबाबत आधी सांगतो. त्या गृहस्थांना एक रुपयाही देऊ नका. लोकसेवकावर वजन वापरून काम करून देतो असे सांगून पैसे घेणे हा भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ७अ खाली गुन्हा आहे, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर अशा कामासाठी पैसे देणाराही कलम ८ खाली आरोपी होऊ शकतो. एका भावाच्या सुटकेसाठी धडपडताना आपणच गुन्ह्यात अडकावे, असे होऊ नये. त्यांनी पुन्हा मागणी केली, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर कळवावे.

आता मूळ प्रश्न. आपल्याला आलेले दोन ओळींचे पत्र टाळाटाळीचे वाटले असेल, परंतु कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७२ नुसार राष्ट्रपतींना शिक्षा माफ करण्याचा, कमी करण्याचा, सौम्य करण्याचा किंवा तहकूब ठेवण्याचा अधिकार तीनच प्रकारच्या प्रकरणांत आहे : शिक्षा लष्करी न्यायालयाने दिलेली असेल, गुन्हा केंद्राच्या कार्यकारी अधिकारक्षेत्रात येणाऱ्या विषयाच्या कायद्याविरुद्धचा असेल, किंवा शिक्षा मृत्युदंडाची असेल. आपल्या भावाला फाशी झालेली नाही आणि शिक्षा लष्करी न्यायालयाची नाही, त्यामुळे प्रश्न उरतो तो फक्त मधल्या प्रकाराचा.

२०२४ पर्यंत लागू असलेली भारतीय दंड संहिता संसदेच्या अधिकारात होती, मग खुनाचा गुन्हा केंद्राचा विषय का नाही, अशी शंका अनेकांना येते आणि ती रास्त आहे. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्य दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयांच्या यादीत आहे, आणि अनुच्छेद ७३ च्या परंतुकानुसार, घटनेने किंवा संसदेच्या कायद्याने स्पष्टपणे तसे म्हटले असल्याखेरीज, समवर्ती विषयांत केंद्राचा कार्यकारी अधिकार राज्यांमध्ये चालत नाही. राजीव गांधी हत्येतील दोषी पेरारिवलन याच्या प्रकरणात नेमका हाच वाद होता. तमिळनाडूच्या मंत्रिमंडळाने २०१८ साली सुटकेची शिफारस केली, राज्यपालांनी ती दीर्घकाळ प्रलंबित ठेवून २०२१ साली राष्ट्रपतींकडे पाठवली, आणि खुनाच्या कलमाखालील माफीचा अधिकार राष्ट्रपतींचाच आहे, असा युक्तिवाद केंद्राने केला. १८ मे २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला, मंत्रिमंडळाचा सल्ला राज्यपालांवर बंधनकारक असल्याचे सांगितले आणि शिफारस राष्ट्रपतींकडे पाठवण्याला घटनेचा आधार नाही, असे ठरवले. या निकालामुळे आपला मार्ग स्पष्ट होतो : कलम ३०२ खालील जन्मठेपेसाठी अनुच्छेद १६१ नुसार महाराष्ट्राच्या राज्यपालांकडे अर्ज करावयाचा आहे.

एक खातरजमा मात्र करून घ्या. निकालपत्रात शस्त्र अधिनियमाखालीही शिक्षा झाली आहे का, हे पाहा, कारण शस्त्रास्त्रे हा केंद्राच्या सूचीतील विषय आहे. ती शिक्षा बहुधा अल्प मुदतीची असते, आणि भोगून झाली असल्यास प्रत्यक्षात अडचण येऊ नये.

‘एका सहीने सुटका’ ही कल्पना मला विशेष खटकते, कारण तिच्या आधारावरच अशा मध्यस्थांचा धंदा चालतो आणि तुरुंगात माणूस असलेल्या कुटुंबांची लुबाडणूक होते. फाशीच्या प्रकरणातही राष्ट्रपती स्वतःच्या मर्जीने निर्णय देत नाहीत. अनुच्छेद ७४ नुसार त्यांना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याप्रमाणे वागावे लागते. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हे बंधन शब्दांत आले, आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने राष्ट्रपतींना एवढीच मोकळीक दिली की, ते सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात; फेरविचारानंतर आलेला सल्ला मात्र त्यांनी मानलाच पाहिजे. माफीचा अधिकारही या नियमाला अपवाद नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मारू राम प्रकरणात सांगितले आहे. त्यामुळे दिल्लीत कोणाची भेट घडवून आणली, तरी तिला कायद्यात काहीही किंमत नाही. केहर सिंग प्रकरणातील १९८८ चा निकाल तर असे सांगतो की, अर्जदाराला राष्ट्रपतींसमोर तोंडी म्हणणे मांडण्याचा हक्कही नाही.

माझ्या मते ही मर्यादा योग्य आहे. माफी ही एखाद्या व्यक्तीची मेहेरबानी ठरली असती, तर ज्याची ओळख आहे तो सुटला असता आणि आपल्यासारख्यांचे अर्ज पडून राहिले असते. निर्णय विधिमंडळाला किंवा संसदेला जबाबदार असलेल्या मंत्रिमंडळाचा असल्यामुळे त्याची न्यायालयीन तपासणीही होऊ शकते. एपुरू सुधाकर प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांनी दिलेली सूट रद्द केली आणि अशा निर्णयात कधी हस्तक्षेप करता येतो, हे स्पष्ट केले : विचारच केला गेला नसेल, हेतू दुष्ट असेल, असंबद्ध बाबी लक्षात घेतल्या असतील, महत्त्वाची माहिती समोर ठेवलेली नसेल किंवा निर्णय मनमानी असेल. आपला अर्ज उद्या विचारच न करता किंवा वस्तुस्थिती न पाहता फेटाळला गेला, तर उच्च न्यायालयाचे दार उघडे आहे, ते याच मर्यादांमुळे.

आता पुढचे पाऊल. राज्य शासनाच्या साध्या वैधानिक अधिकारातून मुदतपूर्व सुटका हवी असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७५ नुसार प्रत्यक्ष चौदा वर्षांचा तुरुंगवास आवश्यक आहे आणि कारागृहात मिळालेली सूट त्यात धरली जात नाही. खटला चालू असतानाची कोठडी मात्र धरली जाते, म्हणून त्या अकरा वर्षांत ती आलेली आहे की नाही, हे कारागृहातून तपासून घ्या. अनुच्छेद १६१ च्या अर्जाला चौदा वर्षांची अट नाही, हे हरियाणाच्या एका प्रकरणात २०२१ साली पुन्हा स्पष्ट झाले आहे. तरीही आपली दिशाभूल होऊ नये म्हणून सांगतो की, चौदा वर्षांआधी शासन असा सल्ला सहजासहजी देत नाही. म्हणून राज्यपालांकडील अर्ज आताच करावा, आणि तो मान्य झाला नाही, तरी चौदा वर्षे पूर्ण होताना मुदतपूर्व सुटकेचा प्रस्ताव स्वतंत्रपणे चालवावा. धोरण अस्तित्वात असलेल्या राज्यांनी पात्र बंद्यांचा विचार अर्जाची वाट न पाहता करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले आहे.

अर्ज कारागृह अधीक्षकांमार्फत गृह विभागाकडे जाऊ द्या आणि पोच जपून ठेवा. पुनर्विलोकन याचिका प्रलंबित असल्यास तसे अर्जात लिहा. नानावटी प्रकरणात १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले होते की, प्रकरण न्यायालयासमोर असताना राज्यपालांचा शिक्षा स्थगितीचा आदेश चालू शकत नाही. अर्जात निकाल कसा चुकला, यावर भर देऊ नका. भावाचे कारागृहातील वर्तन, त्याने शिकलेले काम, संचित (फर्लो) किंवा अभिवचन (पॅरोल) रजेवरून वेळेवर परत आल्याच्या नोंदी, आईंच्या उपचारांची कागदपत्रे आणि सुटल्यानंतर तो कुठे राहणार व काय करणार, हे सविस्तर लिहा. आईंच्या आजारपणासाठी अभिवचन रजेचा अर्जही लगेच करता येईल. त्याचा माफीच्या अर्जाशी संबंध नाही आणि त्याचे उत्तर लवकर मिळण्याची शक्यता अधिक आहे.

हे सर्व करण्यासाठी आपल्याला वकिलाची फी भरण्याची गरज नाही. कोठडीत असलेली व्यक्ती उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी साहाय्यास पात्र असते. नाशिकच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात सत्र न्यायालय व उच्च न्यायालयाच्या निकालांच्या नकला, सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आणि दिल्लीहून आलेले ते पत्र घेऊन जा.