आबांचा चौरंग

चि. ओवी,

तुझा व्हॉइस मेसेज काल दोनदा ऐकला. आबांनी तुला छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातला काळा चबुतरा दाखवला. १८५७ मध्ये तिथं शिपायांना तोफेच्या तोंडी दिलं, हे सांगताना त्यांचा गळा दाटला. रात्री टीव्हीवर बलात्काराची बातमी लागली तर तेच आबा म्हणाले, "अशांचा चौरंगच केला पाहिजे." तू विचारतेस, तो जुलूम आणि हा न्याय, असं कसं?

बाळा, दोन्ही वेळा आबा मनापासूनच बोलले.

ते शिपाई हैदराबाद कंटिंजंटचे, म्हणजे निजामाच्या खर्चानं इंग्रजांनी ठेवलेल्या फौजेतले घोडेस्वार. आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला नेणार, अशी आवई उठली आणि ते बिथरले. इंग्रजांनी तिथल्या तिथं खटले उरकले. ज्यांच्याविरुद्ध बंड केलं, तेच न्यायाला बसलेले. आणि तोफ लावायची ती बघणाऱ्यांना धाक बसावा म्हणून. पुरायला धड देहसुद्धा मिळत नाही. याला मी न्याय म्हणणार नाही.

चौरंग म्हणजे दोन्ही हात, दोन्ही पाय तोडणं. रांझे गावच्या पाटलानं बदअमल केला, म्हणजे गैरवर्तन; बाईची अब्रू घेतली असं सांगतात. शिवाजी महाराजांनी त्याला धरून आणवलं, चौकशी केली, गुन्हा खरा ठरल्यावर ही शिक्षा दिली. २८ जानेवारी १६४६ चं पत्रच आहे. महाराज तेव्हा सोळाचेही नव्हते! पाटील म्हणजे त्या काळी गावचं सरकार, त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. म्हणून आपल्याकडच्या बायका अजून रांझ्याचं नाव काढतात, मीही काढते. त्याच पत्रात पुढं, हातपाय गेलेल्या त्या माणसाला त्याच्याच भावकीतल्या सोनजी गुजराच्या हवाली केल्याचंही आहे. ते कुणी सांगत नाही.

महाराजांनी पाटलाची भीड धरली नाही आणि आधी चौकशी केली, एवढं मला आजही हवं. हातपाय तोडणं नको, फाशीही नको. इथं जर्मनीच्या राज्यघटनेत १९४९ पासून एका ओळीचं कलम आहे: देहदंड रद्द. ते वाचलं तेव्हा मला आपल्या गावचा पार आठवला.

मी सहावीत होते. कुणाच्या तरी विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली. पालावरच्या एका पोराला धरून पारावरच्या लिंबाला बांधलं. माझ्याएवढंच असेल. मारता मारता लोक ओरडत होते, हात तोडा ह्याचे. त्याच्या मुठीत अर्धी भाकर होती, ती त्यानं शेवटपर्यंत सोडली नाही. चार दिवसांनी केबल सापडली, मालकाच्याच शेतातल्या आखाड्यावर, कडब्याच्या गंजीखाली. तोवर पालं उठून गेली होती.

आबा त्या दिवशी पारावर होते. संध्याकाळी चहा झाला की त्यांच्याजवळ बस आणि विचार. तुला सांगतील ते.

तुझी,
आई