भोसरीतला ग्राहक लिंक्डइनवर शोधू नकोस

पत्र असं आहे: "मी चिंचवडला राहते, वय २७. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून भोसरीतल्या एका ऑटो-पार्टच्या कंपनीत क्वालिटी विभागात तीन वर्षं होते. जर्मन सी१ या वरच्या पातळीपर्यंत झालं आणि नोकरी सोडून अनुवाद करायला लागले, जर्मनमधून इंग्रजी आणि मराठीत. दोन वर्षं सगळं काम तीन एजन्सींकडून येतंय. शब्दाला दीड रुपया मिळतो. हल्ली मशीननं केलेला अनुवाद सुधारायला पाठवतात, त्याचे ७० पैसे. थेट कंपन्यांकडून काम मिळावं म्हणून लिंक्डइनवर प्रोफाइल केलं, १५० कंपन्यांना ईमेल पाठवले. दोनच उत्तरं आली, 'तुमची माहिती नोंदवून ठेवली आहे' अशी. बाबा म्हणतात, परत नोकरी धर. सोबत ईमेलचा मसुदा आणि त्या कंपन्यांची यादी जोडलीय. काय करू?"

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तू ओझरती सांगून पुढे गेलीस: क्वालिटीतली तीन वर्षं. ईमेलच्या मसुद्यात तर ती नावालाही नाही. तिथे आहे 'व्यावसायिक, अचूक आणि वेळेवर अनुवाद सेवा'. हे वाक्य पुण्यातला कुठलाही जर्मन शिकलेला माणूस लिहू शकतो, आणि पुण्यात जर्मन शिकलेली माणसं थोडी नाहीत. बोट क्लब रोडच्या मॅक्स म्युलर भवनातून आणि रानडे इन्स्टिट्यूटमधून दरवर्षी नवी मुलं बाहेर पडतात. पण ज्यांनी व्हर्नियर हातात धरलाय, नवा पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायच्या पीपीएपीच्या फायली लावल्यात, ग्राहकाची तक्रार आल्यावर तिचं कारण आणि उपाय मांडणारा ८डी रिपोर्ट भरलाय आणि ज्यांना वर जर्मनही येतं, अशी माणसं फार कमी. तू त्यातली आहेस. बाकीचा सगळा सल्ला याच एका गोष्टीवर उभा आहे.

आता ग्राहक कोण ते ठरवू. तुझ्या यादीत चाकणच्या मोठ्या जर्मन गाड्यांच्या कंपन्या सगळ्यात वर आहेत. त्या काढून टाक. तिथलं रोजचं काम इंग्रजीत चालतं आणि मोठ्या अनुवादाचे करार बहुतेक वेळा जर्मनीतल्या मुख्य कचेरीतून मोठ्या एजन्सींशी झालेले असतात. तिथल्या गेटवर तू कितीही वेळा गेलीस तरी तुझा कागद पर्चेसच्या फायलीतच राहणार. तुझा ग्राहक त्यांच्या खालच्या थरात आहे: भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगावच्या एमआयडीसीतले मध्यम आणि छोटे कारखाने, ५० ते ३०० माणसांचे. तिथे भाषेसाठी वेगळा विभाग नसतो, आणि जर्मन कागद आला की कुणाची तरी झोप उडते.

त्या 'कुणाची तरी'ची नीट ओळख करून घे, कारण तोच तुझा खरा ग्राहक. एखाद्या टूलरूमनं जर्मनीतून जुनं ग्राइंडिंग मशीन आणलेलं असतं. मॅन्युअल जर्मनमध्ये, वायरिंगच्या ड्रॉइंगवरच्या टिपा जर्मनमध्ये, अलार्मची यादीही जर्मनमध्ये. मशीन बंद पडलं की मेंटेनन्सचा प्रमुख मोबाइलवर एकेका ओळीचा फोटो काढून अर्थ लावत बसतो. दुसरीकडे क्वालिटी मॅनेजर. जर्मन ग्राहकानं पुरवठादारांसाठीच्या अटींचं नवं पुस्तक पाठवलेलं असतं, व्हीडीए ६.३ चं, म्हणजे जर्मन वाहन उद्योगाच्या मानकानुसार उत्पादन प्रक्रियेचं, ऑडिट तोंडावर आलेलं असतं आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरातली टीप कुणालाच लागत नसते. तिसरी जागा म्हणजे यंत्रं बनवून युरोपात निर्यात करणारे कारखाने. युरोपीय संघाच्या २००६ च्या मशिनरी निर्देशानुसार यंत्र ज्या देशात विकायचं, तिथल्या अधिकृत भाषेत वापराच्या सूचना द्याव्या लागतात. २० जानेवारी २०२७ पासून या निर्देशाच्या जागी नवा नियम लागू होतो, त्यातही भाषेची अट आहे. म्हणजे पुण्यात बनलेलं यंत्र जर्मनीत विकायचं तर जर्मन मॅन्युअल लागणारच.

या तिसऱ्या कामात एक पथ्य पाळ. तुझी मातृभाषा मराठी, आणि मॅन्युअल वाचणार जर्मन कामगार. जर्मन मातृभाषा असलेल्या तपासनिसाला जोडीला घे आणि त्याचे पैसे कोटेशनमध्ये धर. ते परवडत नसेल तर काम घेऊ नकोस. सुरक्षेच्या सूचनेत चूक झाली तर कुणाचा तरी हात जातो.

आणि मराठी! तू तिला पत्रात शेपटासारखी जोडली आहेस, पण माझ्या मते तुझं वेगळेपण तिथेच आहे. मशीनसमोर उभा असलेला ऑपरेटर कुठे जर्मन वाचतो, आणि इंग्रजीही अडखळतच. कामगारांना समजेल अशा भाषेत फलक लावायची अट १९४८ च्या कारखाने कायद्यातच होती, आणि प्रत्यक्षात मशीनवर इंग्रजी कागद चिकटवून काम भागवलेलं तू स्वतः पाहिलं असशील. जर्मन मॅन्युअलमधून थेट ऑपरेटरसाठी दोन पानांची मराठी कार्यसूचना, शॉपफ्लोअरवर बोलतात त्या भाषेत, चकला चक आणि फीडला फीडच म्हणणारी. हे काम बाहेरगावच्या एजन्सीला सहज जमणारं नाही. पहिल्या भेटीत हेच दाखव.

भेटी कुठून मिळतील? पहिली यादी तुझ्या फोनमध्येच आहे. तीन वर्षांत तुझ्याबरोबर काम केलेली माणसं आज वेगवेगळ्या कारखान्यांत आहेत. जर्मनच्या वर्गातले सोबती इंजिनीअर असतील तर तेही कुठे कुठे लागले असतील. त्यांना काम मागू नकोस, एकच प्रश्न विचार: "तुमच्याकडे जर्मनमध्ये काय येतं आणि आलं की कोण वाचतं?" या प्रश्नाला माणसं मोकळेपणी उत्तर देतात, आणि उत्तरात नाव मिळतं. त्या नावानं केलेला फोन आणि कंपनीच्या 'इन्फो' या सामाईक पत्त्यावर टाकलेला ईमेल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरी जागा प्रदर्शनांची. चिंचवडचं ऑटो क्लस्टर तुझ्या घराजवळ, मोशीचं प्रदर्शन केंद्रही लांब नाही. पहिल्या दिवशी जाऊ नकोस, त्या दिवशी स्टॉलवरच्या माणसांचं लक्ष त्यांच्या ग्राहकांकडे असतं. शेवटच्या दिवशी दुपारी जा, तेव्हा ती बोलायला मोकळी असतात. जायच्या आधी स्टॉलची यादी वाचून कोण जर्मन यंत्रं आणतं, कोण जर्मनीला माल पाठवतं, ते शोध आणि पाच-सहाच स्टॉल ठरव. मराठा चेंबर आणि इंडो-जर्मन चेंबर यांचे कार्यक्रमही पुण्यात होतात. पण तिथे मालक आणि मोठे अधिकारी भेटतात. कामाची दोन उदाहरणं हाताशी आल्यावर तिकडे वळ.

उदाहरणांवरून एक सक्त सूचना. एजन्सीसाठी केलेलं काम नमुना म्हणून कुणालाही दाखवायचं नाही. ड्रॉइंग तर नाहीच. एजन्सीशी केलेला करार काढून वाच: तिच्या ग्राहकांशी थेट व्यवहार न करण्याची अट आणि तिची मुदत त्यात बहुधा असेल. ती पाळ. पुण्याचं औद्योगिक वर्तुळ लहान आहे आणि विश्वास गेल्याची बातमी त्यात लवकर फिरते. नमुना स्वतः तयार कर. जुन्या लेथच्या देखभालीवर जर्मनमध्ये स्वतःच एक पान लिही, शेजारी इंग्रजी आणि मराठी. तेवढं पुरे. आणि ग्राहकाचा मजकूर फुकटच्या ऑनलाइन अनुवाद यंत्रात टाकणार नाही, हे त्याला लेखी दे. क्वालिटी मॅनेजरला याचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही.

भेट मिळाली की बोलायची घाई करू नकोस. मागच्या वेळी जर्मन कागद आला तेव्हा काय झालं ते विचार आणि ऐक. किती दिवस गेले, कुणाला बसवलं, मशीन किती वेळ बंद होतं. तुझा दर समोरच्याला महाग वाटतो की स्वस्त, ते या उत्तरांवर ठरतं. मग छोटं, पैसे घेऊन करायचं काम सुचव: अलार्मची यादी, एक प्रकरण, एक ड्रॉइंग. फुकट 'ट्रायल' म्हणून दहा पानं मागितली तर अर्धं पान कर, त्याहून जास्त नको. कोटेशन त्याच दिवशी पाठव. त्यात शब्दसंख्या, दर, तारीख, एकदा दुरुस्ती आणि तांत्रिक शब्दांची यादी हे सगळं स्पष्ट लिही. ती शब्दांची यादी त्यांनाच देऊन टाक. पुढच्या वेळी ती घेऊन ते तुझ्याकडेच येतील.

दर कसा ठरवायचा? एजन्सीच्या दरापेक्षा किंचित जास्त, असा तुझा विचार असेल. तो सोडून दे. एजन्सी जे करायची ते सगळं आता तुझ्या अंगावर येणार: भेटी, तपासणी, मांडणी, वसुली. हिशेब असा कर. महिन्याचे २० कामाचे दिवस धरले तर सुरुवातीला त्यातले १० च प्रत्यक्ष अनुवादाला मिळतील. दिवसाला २,००० शब्द धर, म्हणजे महिन्याला २०,०००. तुला खर्चासकट ६०,००० रुपये हवे असतील तर शब्दाला ३ रुपये हा तुझा तळ. तपासनीस लागला तर त्याचे वेगळे. जर्मनीतला ग्राहक मिळाला तर तिथे बऱ्याचदा मजकूर ओळींवर मोजतात, एक प्रमाण ओळ म्हणजे मोकळ्या जागांसह ५५ अक्षरं. कोटेशन देताना गोंधळ नको म्हणून सांगितलं.

वसुलीचं थोडक्यात सांगते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आजच कर, ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावेत, असं सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकरातही तरतूद आली आहे: मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च कंपनीला त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच करता येतो. त्यामुळे अकाउंट्सवाले उद्यम क्रमांक स्वतःहून मागतात. तो बिलावर छाप. १० टक्के टीडीएस कापला गेला तर घाबरू नकोस, विवरणपत्र भरताना त्याचा हिशेब होतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत सेवांसाठी साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, पण परदेशी ग्राहक आला की सीएला एकदा विचार. नव्या ग्राहकाकडून निम्मे पैसे आधी घे.

आता बाबांचं. त्यांची काळजी रास्त आहे, ती उडवून लावू नकोस. एजन्सी लगेच सोडायच्या नाहीत. ७० पैशांचं काम मात्र आधी बंद कर, कारण ते तुझे दिवस खातं आणि त्यातून पुढे काही उभं राहत नाही. दीड रुपयाचं काम चालू ठेव आणि आठवड्यातले दोन दिवस फक्त भेटी-फोनसाठी राखून ठेव. वर्षभरात निम्मी कमाई थेट ग्राहकांकडून यायला लागली तर बाबांना आकडे दाखव. नाही आली, किंवा फोन उचलून अनोळखी माणसाशी बोलणं तुला खरंच नकोसं वाटलं, तर जर्मन येणारी क्वालिटी इंजिनीअर म्हणून नोकरी शोध. त्या नोकरीत तुझे दोन्ही गुण कामाला येतील आणि पगारही आधीपेक्षा चांगला मागता येईल. मला तुझ्यासाठी दोन्ही वाटा सारख्याच मानाच्या वाटतात.

या आठवड्यात एवढंच कर: जुन्या सहकाऱ्यांपैकी दहा जणांची नावं काढ, तो एक प्रश्न विचार आणि ईमेलचा मसुदा नव्यानं लिही. पहिलंच वाक्य क्वालिटीतल्या तीन वर्षांचं असू दे. लिहून झाला की मला पाठव, पुढचं त्यावर बोलू.