इंद्रायणी, ८६०३२ आणि जुळी कोकरं

वाचकांचे प्रश्न : पीक, बियाणं आणि जीनोम

गेल्या अंकात मी गव्हाच्या जीनोमबद्दल चार ओळी लिहिल्या. पत्रं आली ती बहुतेक भात, ऊस आणि मेंढ्यांबद्दल. बरंच झालं. जीनोम म्हणजे पेशीतला सगळाच्या सगळा डीएनए आणि जीन म्हणजे त्यातला एखाद्या कामाचा तुकडा, एवढं धरून चाला. बाकीचं ओघात येईल.

प्रश्न : ताई, आमचं भात मुळशीत आहे. आंबेमोहोर परतीच्या पावसात लोळतो, अर्धं पीक चिखलात जातं. म्हणून इंद्रायणी लावतो. इंद्रायणीला वास आहे, पण तो नाही. आंबेमोहोरच्याच वासाचा, पण न लोळणारा भात या जीनोमवाल्यांना का जमत नाही? (पौडजवळचे एक शेतकरी)

जमतो. अडतं ते शास्त्रापाशी कमी आणि पैशापाशी जास्त.

भाताचा जीनोम २००५ मध्ये वाचून झाला. १२ गुणसूत्रं, डीएनएची साधारण ३९ कोटी अक्षरं. त्यातल्या अकराव्या गुणसूत्राचा एक भाग भारतीय गटाकडे होता. तुम्हाला हव्या असलेल्या दोन्ही गोष्टी त्यात कुठे आहेत ते माहीत आहे. पहिल्या गुणसूत्रावर एसडी-१ नावाचा जीन आहे. तो बिघडला की रोपात जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक कमी तयार होतं आणि ताट आखूड राहतं, म्हणून लोळत नाही. हा बिघाड तैवानच्या एका बुटक्या भातातून १९६६ च्या आयआर-८ या वाणात आला. पुढे आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या केंद्रात इंद्रायणी तयार झाली. म्हणजे निम्मं उत्तर तुमच्याच खाचरात उभं आहे.

वासाची गंमत उलटी आहे. आठव्या गुणसूत्रावरचा बीएडीएच-२ हा जीन धड असला तर वासाचं द्रव्य साठतच नाही. बासमतीत या जीनमधली ८ अक्षरं गळाली आहेत, जीन निकामी झाला आहे, म्हणून बासमतीला वास आहे.

आमच्या उमेदीच्या काळात रोपाला वास आहे का हे ठरवायला नाकाशिवाय काही नव्हतं. पान बारीक कातरून काचेच्या बशीत घ्यायचं, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं पातळ द्रावण घालायचं, झाकण ठेवायचं आणि दहा मिनिटांनी झाकण उचलून हुंगायचं. पंधरावीस बश्या झाल्या की नाक दगा देतं. मग एक तर सगळ्यालाच वास येतो, नाहीतर कशालाच येत नाही. त्यात भाताची रोपं पावसाळ्यातली आणि पावसाळ्यात निम्मा विभाग सर्दीनं बेजार. मी ‘आहे’ म्हणायची, समोरचा ‘नाही’ म्हणायचा आणि वहीत प्रश्नचिन्ह पडायचं.

आता कागदाला पंचनं भोक पाडल्यावर पडते तेवढी पानाची टिकली पुरते. तिच्यातून डीएनए काढायचा, पीसीआर यंत्रात फक्त त्या जागेच्या लाखो प्रती करायच्या, त्या जेलमधून पळवायच्या आणि दिव्याखाली पट्टी कुठे थांबली ते बघायचं. ८ अक्षरं कमी असलेला तुकडा थोडा पुढे जातो. रोपं वाफ्यात असतानाच कुठली लावायची आणि कुठली उपटून टाकायची हे कळतं.

तुमच्या कामासाठी आंबेमोहोरचा संकर एखाद्या बुटक्या वाणाशी करायचा आणि पुढची रोपं पुन्हा पुन्हा आंबेमोहोरशीच जोडायची. दर खेपेला परक्या वाणाचा वाटा निम्म्यावर येतो : ५० टक्के, २५, मग साडेबारा. यात एक मेख आहे. एसडी-१ चा बिघाड आईबापांपैकी एकाकडूनच आला असेल तर रोप उंचच वाढतं, नुसतं बघून ते ओळखू येत नाही. पूर्वी त्यासाठी मधे एक पिढी जास्तीची घालवावी लागायची. टिकली तपासली की ती पिढी वाचते. हैदराबादला सांबा मसुरी या भातात कडाकरपा रोगाला तोंड देणारे तीन जीन याच रीतीनं आणले आणि ते वाण २००८ मध्ये आलं. ओडिशाच्या एफआर-१३ए या जुन्या भातातला सब-१ जीन ‘स्वर्णा’त आणला, तेव्हा दोन आठवडे पाण्याखाली राहूनही तगणारं ‘स्वर्णा सब-१’ तयार झालं. ते २००९ मध्ये आपल्याकडे प्रसारित झालं.

मग आंबेमोहोरचं का रखडतं? बासमतीच्या पाठीशी निर्यातदार आहेत. आंबेमोहोरच्या पाठीशी पुणेकरांचा वरणभात आहे, आणि पुणेकर भाव ऐकून पुढच्या दुकानात जातात. हे माझं मत, चिडून लिहिलेलं. तुमच्या भागातल्या उत्पादक गटानं कृषी विद्यापीठाकडे लेखी मागणी करावी. एकट्याच्या पत्राला पोच मिळते, गटाच्या पत्राला बैठक मिळते.

आणखी एक. दाणा भरताना हवा थंड असेल तर वास चांगला उतरतो. बी कितीही सुधारलं तरी ते उन्हाच्या तालुक्यात लावून मुळशीचा वास मिळायचा नाही.

प्रश्न : भाताचे, गव्हाचे इतके नवे वाण येतात. आम्ही उसात अजून ८६०३२ आणि २६५ वरच. उसाचं घोडं कुठे पेंड खातं? (इंदापूर तालुक्यातून)

उसाच्या जीनोममध्येच. आजचा ऊस हा गोड, जाड कांड्यांचा ऊस आणि एक काटक रानटी ऊस यांच्या संकरातून आला. कोइमतूरला बार्बर आणि वेंकटरमण यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे संकर केले. तुमच्या ८६०३२ च्या आधीचं ‘को’ हे त्याच कोइमतूरचं. या खटाटोपात गुणसूत्रं शंभरावर गेली, आणि बहुतेक प्रत्येक जीनच्या दहाबारा प्रती झाल्या, एकमेकींसारख्या पण हुबेहूब नाहीत अशा. एकाच कादंबरीच्या दहा आवृत्त्या फाडून एका पोत्यात भरल्या आणि सगळ्या वेगवेगळ्या जुळवायला सांगितल्या, तर काय होईल? म्हणून भाताचा जीनोम २००५ मध्ये झाला आणि उसाला २०२४ उजाडलं. तोही आर-५७० या रियुनियन बेटावरच्या वाणाचा. त्याची गुणसूत्रं ११४. तांबेरा रोगाला दाद न देण्याचा त्याचा गुण नेमक्या कुठल्या जीनमध्ये असावा, हेही त्या कामात हाती लागलं.

आता तुमच्या बांधावर याचा उपयोग काय? उसाचं नवं वाण काढायचं तर तुऱ्यातलं बी लागतं. आपल्या पट्ट्यात तुरा आला तरी बी नीट धरत नाही, म्हणून संकराचं काम कोइमतूरला किंवा वसंतदादा इन्स्टिट्यूटच्या आंबोलीच्या केंद्रात चालतं. तिथून हजारो रोपं येतात. मग लागण, खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटणारं पीक), पुन्हा लागण, साखरेचा उतारा, चाबूककाणी रोगाची परीक्षा, असं करत दहाबारा वर्षांनी एखादं वाण हाती लागतं. जीनोमची माहिती त्या हजारांतली नापास होणारी रोपं पहिल्याच वर्षी बाजूला काढायला मदत करेल. खोडवा कसा येतो हे मात्र खोडवा घेऊनच कळणार. तोवर बेणं निरोगी मळ्यातलं घ्या. जुनं वाण उतरलं म्हणून येणाऱ्या निम्म्या तक्रारी रोगट बेण्याच्या असतात, असं मला वाटतं.

प्रश्न : आमचा मेंढ्यांचा कळप आहे, दख्खनी जात. मेंढी वर्षाला एक कोकरू देते. फलटणला जुळी देणाऱ्या मेंढ्या आहेत असं ऐकलं. खरं का? त्यात इंजेक्शन वगैरे असतं का? (बारामतीजवळचा एक तरुण)

खरं आहे, आणि इंजेक्शन नाही. मला स्वतःला हे उदाहरण सगळ्यांत आवडतं, कारण ते आपल्या अंगणातलं आहे आणि त्याचा कुणी गाजावाजा करत नाही.

बंगालच्या सुंदरबनात गरोल नावाची बुटकी मेंढी असते. ती सर्रास जुळी, कधी तिळी देते. याचं कारण एकाच जीनमधल्या एका अक्षराचा बदल; त्याला फेकबी म्हणतात. तो नेमका कुठे आहे ते २००१ मध्ये सापडलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालच्या काही मेंढ्या जहाजानं ऑस्ट्रेलियाला गेल्या, आणि तिथल्या बुरुला मेंढ्यांतला हाच गुण त्यांच्याकडूनच गेला असं मानतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं गरोलचा हा जीन दख्खनी मेंढीत आणला. डीएनए तपासणी पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बसवली. त्यातून ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार झाली.

तपासणीवाचून हे का जमलं नसतं ते बघा. मेंढीत जुळ्यांचा गुण आहे की नाही हे ती एकदोनदा व्याल्यावर कळणार. नराचं काय? तो तर व्यायचाच नाही. त्याच्या मुली व्याल्यावर त्याच्याबद्दल अंदाज करायचा, तोवर नर म्हातारा. आता कोकराच्या रक्ताच्या थेंबावर निकाल लागतो, नर असो की मादी.

नर आणण्याआधी चारा मोजा. या जीनची एक प्रत असलेली मेंढी बऱ्याचदा जुळी देते. दोन प्रती असतील तर तिळ्यांची शक्यता वाढते, आणि दख्खनी मेंढीच्या कासेला तिळी झेपत नाहीत. वर्षातले सहासात महिने वाटेवर असणाऱ्या कळपात जुळ्यांतलं दुबळं कोकरू मागे पडतं. तुमचा कळप बहुतेक दिवस वाड्यावर असेल, गाभण मेंढीला खुराक आणि कोकरांना रात्रीचा आडोसा देता येत असेल, तरच या वाटेला जा. आणि आधी फलटणला जाऊन ज्यांनी त्या पाळल्या आहेत त्यांच्याशी बोला. संस्थेतल्या माणसांशी बोलाच, पण मेंढपाळांशी जास्त.

प्रश्न : ‘जीनोम एडिटेड’ तांदूळ म्हणजे जीएमच ना? मागच्या दारानं आणलेला? (बाणेर)

तसं नाही, पण तुमचा संशय अगदीच फुकटचा नाही. जीएम म्हणजे दुसऱ्या जिवाचा जीन घातलेलं पीक.

४ मे २०२५ ला केंद्रीय कृषिमंत्र्यांनी दोन वाणं जाहीर केली. सांबा मसुरीपासून हैदराबादला केलेलं ‘कमला’ आणि एमटीयू-१०१० या भातापासून दिल्लीच्या पुसा संस्थेत केलेलं ‘पुसा डीएसटी राइस-१’. कमलामध्ये लोंबीतल्या दाण्यांच्या संख्येला आवर घालणारा भाताचा स्वतःचाच एक जीन क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या तंत्रानं बिघडवला आहे. बीटी कापसात, जो आपल्याकडे २००२ मध्ये आला, मातीतल्या जिवाणूचा जीन घातलेला असतो. कमलात बाहेरचा जीन राहिलेला नाही. असा बिघाड निसर्गातही होतो, वर आयआर-८ चं सांगितलंच. म्हणून मार्च २०२२ मध्ये पर्यावरण मंत्रालयानं या प्रकारच्या वाणांना जीएमच्या लांबलचक परवान्यांतून सूट दिली.

मला सूट मान्य आहे. गप्प बसणं मान्य नाही. ‘१९ टक्के जास्त उत्पादन, २० दिवस आधी तयार’ हा कमलाचा सरकारी आकडा चाचण्यांचा आहे. शेतकऱ्याच्या शेतात, त्याच्या पाण्यावर, त्याच्या खतावर काय येतं ते दोनतीन हंगामांनी बोलू. दुसरं, क्रिस्परची मूळ पेटंटं परदेशी संस्थांकडे आहेत. त्या परवान्याचा खर्च कोण उचलणार हा प्रश्न खाणाऱ्यांनीसुद्धा विचारायला हवा. शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी ठेवायचा, पेरायचा, अदलाबदलीचा आणि ब्रँडच्या नावाशिवाय विकायचाही हक्क २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानं दिला आहे. त्या हक्काला धक्का लागतो का, इकडे डोळा ठेवा. ताटातल्या भाताची भीती मात्र नको.

प्रश्न : बी.एस्सी. ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे जीनोमिक्स घेऊ की पैदासशास्त्र? (शिवाजीनगर)

पैदासशास्त्र घे आणि संख्याशास्त्र पक्कं कर. डीएनए वाचून देणारी यंत्रं भाड्यानं मिळतात. ओळीत उभ्या दोनशे रोपांतलं एक वेगळं रोप उन्हात उभं राहून ओळखणारा माणूस भाड्यानं मिळत नाही. आणि चिखलात उतरायची लाज वाटत असेल तर आत्ताच सांग, बँकेच्या परीक्षा पुढच्या महिन्यात असतील.

प्रश्न : सूनबाई म्हणतात साधा गहू जीएम आहे, खपलीच खायची, तिच्यात ग्लुटेन नसतं. आमच्या घरी यावरून रोज वाद. (कोथरूडच्या एक आजी)

दोन्ही चूक, पण सूनबाईंना माझं नाव सांगू नका.

भारतात जीएम गव्हाच्या लागवडीला परवानगीच नाही. खपलीची गुणसूत्रं २८, बन्सी या कडक दाण्याच्या गव्हाची २८, पोळीच्या गव्हाची ४२. ही जास्तीची १४ कुणी प्रयोगशाळेत घातलेली नाहीत. काही हजार वर्षांपूर्वी शेताच्या कडेला खपलीच्या जातकुळीतल्या गव्हाचा एका रानगवताशी आपोआप संकर झाला, त्यातून ती आली. म्हणूनच पोळीच्या गव्हाचा जीनोम माणसाच्या पाचपट निघाला आणि तो नीट लावायला २०१८ उजाडलं.

ग्लुटेन म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, ते तिन्हीत आहे. लोह आणि जस्त हवं असेल तर आपल्या आघारकर संस्थेचा एमएसीएस ४०२८ हा बन्सी गहू मिळतो का बघा. त्यात दोन्ही चांगलं आहे आणि प्रथिनं १४.७ टक्के. घरात कुणाला सीलिॲक (ग्लुटेन न सोसण्याचा आजार) असल्याची शंका असेल तर खपलीसुद्धा चालणार नाही. पण गहू बंद करायच्या आधी डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्या, कारण गहू सोडल्यावर तपासणी फसवी येऊ शकते. तशी शंका नसेल तर खिरीला खपली, पोळीला साधा, आणि वाद मिटवा.