ईसीजी नॉर्मल असताना वैमानिकाच्या हृदयाची आणखी तपासणी कशासाठी?

आपण विचारले आहे की, आपले बंधू विमानकंपनीत कॅप्टन आहेत, वय ४६, ईसीजी दर वेळी नॉर्मल येतो, छातीत दुखत नाही की धाप लागत नाही. तरी या वेळी डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल पाहून ट्रेडमिल (सरकत्या पट्ट्यावर चालवत काढलेला ईसीजी) आणि नंतर हृदयाचा सीटी स्कॅन करायला सांगितले, हे जरा अतीच होत नाही का? मी वैमानिकांच्या वैद्यकीय तपासण्या करणारा डॉक्टर आहे आणि टेबलापलीकडून हा प्रश्न मला नेहमीच विचारला जातो.

झोपवून काढलेल्या ईसीजीत हृदयाची लय, पूर्वी येऊन गेलेल्या झटक्याच्या खुणा, विद्युतवहनातले दोष दिसतात; पण धमनीच्या आतल्या बाजूला साचत चाललेला चरबीचा थर त्यात दिसत नाही. याचा दाखला वैमानिकी वैद्यकात काम करणारा प्रत्येक जण जाणतो. १८ जून १९७२ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून ब्रुसेल्सला निघालेले ट्रायडंट विमान उड्डाणानंतर तीन मिनिटांच्या आत स्टेन्स गावाजवळ कोसळले आणि ११८ जण गेले. पंखांच्या पुढच्या कडेचे ड्रूप, म्हणजे कमी वेगात विमान तोलून धरणारे खाली झुकणारे भाग, वेग पुरेसा नसताना आत घेतले गेले, हे तांत्रिक कारण. परंतु ५१ वर्षांच्या कॅप्टनच्या शवविच्छेदनात कोरोनरी, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या, धमन्या बऱ्याच अरुंद झालेल्या आढळल्या आणि एका धमनीच्या अस्तराला पडलेली फाट फार तर दोन तासांपूर्वीची होती. त्यांचे आधीचे ईसीजी नॉर्मल होते.

म्हणून वैमानिकाच्या बाबतीत प्रश्नच वेगळा विचारला जातो: येत्या वर्षभरात हा माणूस अचानक अक्षम होण्याची शक्यता किती? दोन वैमानिकांच्या विमानासाठी ही शक्यता वर्षाला एक टक्क्यापेक्षा कमी असावी, असा संकेत आहे. हिशेब असा, की वर्षाचे ८,७६० तास ढोबळपणे दहा हजार धरले, तर एक टक्का म्हणजे तासाला दहा लाखांत एक. त्यातही उड्डाण आणि अवतरण हे धोक्याचे टप्पे प्रवासाचा सुमारे दहावा भाग व्यापतात, आणि अशा टप्प्यातही शंभरांपैकी नव्व्याण्णव वेळा सहवैमानिक विमान सांभाळून घेईल असे गृहीत धरतात. गुणाकार केला की तासाला शंभर कोटींत एक अपघात हा आकडा येतो. माझ्या मते या आकड्याचा रेखीवपणा थोडा फसवा आहे, कारण त्यातली गृहीतके बरीच ढोबळ आहेत आणि दोन टक्क्यांपर्यंत मुभा द्यावी, असेही मत मांडले गेले आहे. पण कुठेतरी रेघ ओढावी लागतेच.

वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान घालून जी जोखीम-सूत्रे वापरतात, ती बहुधा दहा वर्षांचा धोका सांगतात आणि त्यांत वयाचे वजन फार असते. त्यामुळे सिगारेट ओढणारा पस्तिशीतला वैमानिकही कागदावर सुरक्षित दिसतो. तिथे सूत्रापेक्षा वडिलांना झटका कोणत्या वयात आला, हे विचारणे मला अधिक उपयोगी वाटते.

ट्रेडमिलबद्दल आपली शंका मात्र अगदी अनाठायी नाही. समजा, लक्षणे नसलेल्या एक हजार वैमानिकांपैकी वीस जणांना खरोखर लक्षणीय आजार आहे. चाचणी त्यांतील चौदा जणांना पकडेल. पण उरलेल्या ९८० निरोगी माणसांपैकी पाचातल्या एकालाही ती चुकून पॉझिटिव्ह आली, तर १९६ जण विनाकारण अडकतील. एक पन्नाशीचे कॅप्टन आठवतात, ट्रेडमिलवरून उतरून बुटाची नाडी बांधता बांधता त्यांनी सहज आलेखाकडे पाहिले, आणि खाली गेलेली रेघ दिसताच नाडी तशीच सोडून ते म्हणाले, “म्हणजे परवाची ड्यूटी गेली?” गेलीच होती. पुढे सीटी अँजिओग्राफीत (रंगद्रव्य टोचून काढलेल्या धमन्यांच्या स्कॅनमध्ये) धमन्या स्वच्छ निघाल्या, पण तोवर ते सात आठवडे जमिनीवर होते.

सीटीवरील कॅल्शियम स्कोअर, म्हणजे हृदयाच्या धमन्यांत साचलेल्या कॅल्शियमचे मोजमाप, या गोंधळातून बऱ्यापैकी वाट काढतो. तो शून्य आला तर पुढील काही वर्षांचा धोका फार कमी असतो. स्कोअर मोठा असेल तर आजार धमनीत बसलेला आहे हे निश्चित, मग लक्षणे असोत वा नसोत. तरुण माणसात मऊ, कॅल्शियम न धरलेला थर यातून निसटू शकतो, आणि अनेक झटके फारशा अरुंद नसलेल्या जागचा असाच थर फुटून येतात, हेही खरे.

आजार सापडला म्हणजे नोकरी गेली, असे नाही. युरोपीय नियमांत झटका, स्टेंट वा बायपासनंतर किमान सहा महिने थांबावे लागते. मग उपचार न झालेल्या मोठ्या धमनीत ५० टक्क्यांहून अधिक अडथळा नसेल, हृदयाचे पंपिंग ठीक असेल आणि ताणाच्या चाचणीत रक्तपुरवठा कमी पडत नसेल, तर पात्र सहवैमानिक सोबत असण्याच्या अटीवर परत उडता येते. आपल्या बंधूंनी सीटी करून घ्यावा, आणि जिना चढताना कधी छाती भरून आली असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. परवान्याच्या भीतीने नेमकी हीच गोष्ट वैमानिक लपवतात.