वीज-सल्ला : सीटीतून काय जावं, काय जाऊ नये

प्रश्न : विहिरीवरच्या ७.५ हॉर्सपॉवरच्या मोटरच्या पॅनलमध्ये कोअर बॅलन्स सीटी (केबल ज्यातून ओवतात ते, प्रवाहातली तूट ओळखणारं कडं) आणि अर्थ लीकेज रिले (सीटीला तूट दिसली की ट्रिप होणारं उपकरण) आहे, सेटिंग ३०० मिलिअँपिअर. रिलेचं टेस्ट बटण दाबलं की ट्रिप होतो. गेल्या महिन्यात पॅनलपासून विहिरीपर्यंतच्या आर्मर्ड केबलमध्ये फेज आर्मरला (तारांवरच्या धातूच्या कवचाला) टेकला, तेव्हा मात्र रिले ढिम्म. शेवटी फ्यूज उडाला. रिले बदलावा का? (एक वाचक, निफाड)

उत्तर : आधी पॅनलचं झाकण उघडून केबल सीटीतून कशी गेली आहे ते पाहा. आर्मरसकट आख्खी केबल कड्यातून वर गेलीय आणि ग्लँड (केबलला पॅनलशी घट्ट धरणारा, आर्मर अर्थिंगला जोडणारा भाग) सीटीच्या वरच्या बाजूला आहे, असं दिसलं तर रिले निर्दोष आहे.

तिन्ही फेज एकाच कड्यातून जातात, म्हणून मोटर ठीक असेपर्यंत प्रवाहांची बेरीज शून्य राहते आणि सेकंडरीत (रिलेला जोडलेल्या कड्यावरच्या गुंडाळीत) काही उमटत नाही. थोडा प्रवाह जमिनीमार्गे परतला की तेवढी तूट सीटीला दिसते. तुमच्याकडे तो प्रवाह फेजमधून बाहेर गेला आणि आर्मरवरून त्याच कड्यातून परत आला. सीटीच्या हिशोबी जेवढं गेलं तेवढं आलं!

ग्लँड सीटीच्या खाली, म्हणजे मोटरकडच्या बाजूला घ्या आणि कड्यातून फक्त तीन कोअर (केबलमधल्या तीन फेजच्या तारा) जाऊ द्या. जागा नसेल तर ग्लँड वरच ठेवा, पण तो पत्र्यापासून इन्सुलेट करा आणि त्याची अर्थिंगची वायर सीटीतूनच उलट खाली आणून मग अर्थ पट्टीला जोडा. आर्मरचा परतीचा प्रवाह असा खोडला जातो. ही इन्सुलेटेड वायर वाटेत कुठेही पत्र्याला टेकू नये, नाहीतर सगळी मेहनत वाया. केबलमधला चौथा कोअर अर्थिंगला वापरला असेल तर तो कड्याबाहेरून न्या.

कोअर कड्याच्या मध्यभागी एकत्र बांधा, सीटीजवळच वाकवू नका. एका बाजूला कललेल्या कोअरमुळे मोटर सुरू होताना, प्रवाह सहापट असतो तेव्हा, गळती नसतानाही रिले पडतो.

टेस्ट बटणावर भिस्त ठेवू नका. बहुतेक रिलेंत ते आतलं सर्किट तपासतं, केबल कशी ओवली आहे हे त्याला कळत नाही. सीटी आणि रिले एकत्र तपासायला मोटरचा पुरवठा बंद ठेवा, रिलेचा चालू. २५ वॅटचा साधा तारेचा बल्ब (एलईडी नको) घ्या आणि त्याची एकच वायर कड्यातून न्या. ०.११ अँपिअर जातो, रिले पडू नये. तीच वायर चार वेळा ओवली की ०.४४ अँपिअर भासतो, आता पडलाच पाहिजे. नाही पडला तर सेकंडरीची जोडणी पाहा. ती सुटलेली असताना मोठा दोष आला तर टोकांवर धोकादायक व्होल्टेज येतं. आर्मरची चूक मात्र या चाचणीत सापडत नाही, ती डोळ्यांनीच पाहावी लागते.

आणि ३०० मिलिअँपिअर हे माणसासाठी नव्हे. शॉकपासून बचावाला ३० मिलिअँपिअरच लागतो.

प्रश्न : घरातला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (फेज आणि न्यूट्रलच्या प्रवाहांत फरक पडला की वीज तोडणारा स्विच) फक्त हॉलचा पंखा लावला की पडतो. पंखा बदलला, तरी तेच. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : पंखा बिचारा निर्दोष. हॉलचा फेज आरसीसीबीतून गेलाय आणि न्यूट्रल आरसीसीबीला वगळून बाहेरच्या पट्टीवरून घेतलाय, नाहीतर तो न्यूट्रल कुठेतरी अर्थिंगला टेकलाय. नुसता एमसीबी पाडून शोधू नका, सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. मेन आणि आरसीसीबी बंद करा, टेस्टरने खात्री करा, पट्टीवरचे न्यूट्रल एकेक सोडून अर्थिंगसमोर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) मोजा. उपकरणं आधी काढा. ज्या तारेचं वाचन १ मेगाओमच्या खाली, तिथं दोष. सगळ्या तारा चांगल्या निघाल्या तर न्यूट्रलची अदलाबदल झाली आहे, हॉलची तार कुठल्या पट्टीवर गेलीय ते पाहा.

प्रश्न : क्लँपमीटरने (तारेभोवती जबडा लावून प्रवाह मोजणाऱ्या मीटरने) गळती मोजता येते? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : येते. फेज आणि न्यूट्रल दोन्ही जबड्यात घ्या, अर्थिंगची वायर बाहेर. साध्या मीटरचा शेवटचा आकडा ०.१ अँपिअर असतो, म्हणजे ३० मिलिअँपिअर त्याला दिसणारच नाही. दोन्ही तारा एकत्र दहा वेळा गुंडाळल्या तर तेच ०.३ दिसेल. मिलिअँपिअर दाखवणारा लीकेज क्लँप मिळाला तर ही कसरत नको.